इंजिनवाल्या पायलटने ग्लायडर शिकायला जाताना

मी सोलापूरची. कमर्शियल लायसन्स आहे आणि त्यातले बहुतेक तास सेसना १७२ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानावरचे. नंतर पुण्याला ये-जा करून ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, शिकले. होटगी रोडचा विमानतळ पुन्हा गजबजायला लागल्यापासून ओळखीतली पोरं विचारतात, "ताई, विमान तर येतंच आपल्याला, मग ग्लायडरला असे कितीसे दिवस लागणार?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नकाशा, हवामान, रेडिओ, सरळ-समतल उड्डाण हे तुम्हाला येतं, त्यात वेळ जाणार नाही. वेळ जातो तो एकाच गोष्टीत. सेसनात अप्रोच (उतरायला पट्टीकडे येणं) बिघडला की थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे सारायचा आणि पुन्हा वर जायचं. या सोयीमुळे आपल्याला निर्णय पुढे ढकलायची सवय लागलेली असते आणि ती आपल्या लक्षातही आलेली नसते. ग्लायडरमध्ये प्रत्येक निर्णय एक पायरी आधी घ्यावा लागतो.

मला हे कळलं तो दिवस चांगला आठवतो. डाउनविंडवर, म्हणजे उतरण्याआधी पट्टीला समांतर उलट दिशेने जायच्या टप्प्यावर होते आणि चढ-उतार दाखवणाऱ्या व्हेरिओचा काटा खाली गेलेला, म्हणजे आम्ही खाली बसणाऱ्या हवेत होतो. धावपट्टी शेजारी दिसत होती म्हणून मी निवांत होते. मग ती एकदम चपटी दिसायला लागली आणि माझा डावा हात आपोआप पुढे गेला. हातात एअरब्रेकचा, म्हणजे पंखातून पट्ट्या बाहेर काढून उंची कमी करायचा निळा दांडा होता, तो आधीच पुढे, बंद करून ठेवलेला. हात नुसता दाबत राहिला. मागच्या सीटवरून सर शांतपणे म्हणाले, "आत्ता वळ." आम्ही पट्टीवर उतरलो, पण अगदी सुरुवातीच्या टोकाला. त्यानंतर मी एक नियम केला: डाउनविंडवर दर काही सेकंदांनी उतरायच्या जागेकडे बघायचं आणि ती किती खाली, किती तिरकी दिसते ते मनात बोलायचं. कोन कमी वाटला की लगेच पट्टीकडे आत वळायचं, ठरलेल्या खुणेची वाट बघायची नाही. उंची जास्त झाली तर एअरब्रेक आहेत, कमी पडली तर काहीच नाही.

गंमत म्हणजे हा निळा दांडा थ्रॉटलच्याच दिशेने चालतो. पुढे सारला की लांब जाता, मागे ओढला की खाली येता. त्यामुळे हाताला तो पटकन जमतो. म्हणूनच त्याच्यापासून सावध राहायचं, कारण तो पुढे सारून उंची परत येत नाही. बाकीचे रंग पहिल्याच दिवशी डोळे मिटून शोधता आले पाहिजेत: पिवळी मूठ वर ओढून नेणारी केबल सोडायची, हिरवा ट्रिम (हातावरचा जोर कमी करायचा), लाल आणीबाणीत कॅनॉपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) उडवायची.

दुसरी गोष्ट पायांची. सेसनात वळताना पाय झोपले तरी चालून जातं. सेसना १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर, सुपर ब्लानिक या दोन सीटच्या ग्लायडरचे १६ मीटरच्या वर. एवढ्या लांब पंखावर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, झुकाव देणारी फळी) दिला की वर जाणारा पंख मागे ओढला जातो आणि नाक उलट्या बाजूला पळतं. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्या माणसाकडे बघा. खाली कमरेतून जरा हललं तरी वरचं टोक उशिरा हलतं, आणि एकदा हललं की उशिरा थांबतं. तो टोक झुकायची वाट बघत नाही, आधीच सावरतो. लांब पंखाला तसंच हाताळावं लागतं. स्टिक (एलेरॉन हलवणारी हातातली दांडी) आणि रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) एकदमच द्यायचा, आणि हवा तेवढा झुकाव येण्याच्या थोडं आधी दोन्ही सोडायला लागायचं.

पाय बरोबर पडतोय का, ते कॅनॉपीवर चिकटवलेला दोरा सांगतो. मी अक्कलकोट रोडला पप्पांच्या लूमवरून लाल सुताचा वीतभर तुकडा आणला होता, सरांनी तोच चिकटवू दिला. मागचं मोकळं टोक उजवीकडे गेलं तर डावा पाय द्यायचा, डावीकडे गेलं तर उजवा. पहिले काही दिवस दोरा सरळ राहीपर्यंत दुसरं काही करू नका. डावीकडे-उजवीकडे वळणं घ्या, पुन्हा घ्या. यात घाई केलेले पुढे थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, अडकतात.

वेग कानाने ओळखायला शिका. पप्पा चहा पिता पिता सांगायचे, "तिसऱ्या लूमवर धागा तुटला." सगळे लूम चालू असताना त्यांना एकाचा आवाज बदललेला कळायचा. ग्लायडरमध्ये तसाच वाऱ्याचा एक ठरावीक सूर असतो. नाक वर गेलं की आवाज मंदावतो, खाली गेलं की चढतो. सरांनी दोन उड्डाणं माझ्यासमोरचा वेगाचा काटा कागदाने झाकून ठेवला होता. तुमच्या सरांना तसं करायला सांगा. आपण इंजिनवाले पॅनलकडे फार बघतो, आणि इथे नजर बाहेर हवी. थर्मलमध्ये दुसरं ग्लायडर असेल तर तेव्हा फार हवी. आधी आलेला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने आपण फिरायचं, यात सूट नाही.

पुण्यात हडपसरला डीजीसीएचं (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) ग्लायडिंग सेंटर आहे आणि तिथली पद्धत विंचची, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबल गुंडाळून ग्लायडर वर ओढायची. लायसन्सचे नियम आणि तुमच्या जुन्या तासांचा हिशेब तिथेच विचारा, निघण्याआधी फोन करून. मी विंचबद्दलच सांगते, कारण इंजिनवाल्याला सगळ्यात अनोळखी तीच असते. पंख धरणारा पंख वर उचलतो, केबलचा ढिलेपणा निघतो आणि तीन-चार सेकंदांत तुम्ही हवेत असता. डावा हात पिवळ्या मुठीपाशीच. जमिनीवर पंख खाली झुकला आणि सावरत नाही असं वाटलं, तर त्याच क्षणी मूठ ओढा. वर चढताना नाक हळूहळू उचलायचं. पन्नासेक मीटरपर्यंत सौम्य, मग ४० ते ४५ अंश. समोर फक्त आभाळ दिसतं. केबल सोडेपर्यंत साधारण ३०० ते ४०० मीटर उंची मिळते.

आणि केबल तुटू शकते. यासाठी दर उड्डाणाआधी मोठ्याने बोला: "केबल तुटली तर नाक खाली, वेग, मग निर्णय." नाक खाली म्हणजे साध्या ग्लाइडपेक्षाही खाली, आणि लगेच. ४५ अंशांत चढताना ओढ गेली की वेग काही क्षणांत संपतो. नाक खाली घातलं तरी वेग परत यायला वेळ लागतो. तोपर्यंत वळायचं नाही आणि एअरब्रेकला हात लावायचा नाही. वेग आला की मूठ दोनदा ओढा, म्हणजे लटकलेला तुकडा सुटेल. मग समोर पट्टी पुरेशी असेल तर सरळ उतरा. सेसनात नाक इतकं जोरात खाली घालायची सवय नसते, आपला हात कचरतो. शंभर-दीडशे तासवाल्यांचे हात जास्तच कचरतात. म्हणून सरांकडून हे मुद्दाम, न सांगता, वेगवेगळ्या उंचीवर करून घ्या.

आता थर्मल. सोलापूरच्या माणसाला ऊन शिकवायची गरज नाही. मार्चमध्ये ज्वारी काढलेलं, नांगरून पडलेलं काळं रान भाजून निघतं आणि शेजारचा ओला ऊस थंड राहतो. त्या काळ्या रानावरून गरम हवा सुटते. ढग किती उंचीवर बनेल, त्याचा सोपा हिशेब असा: जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले १२५ मीटर. समजा ३६ आणि १२, फरक २४, म्हणजे ढगाचा तळ ३००० मीटरवर. हवा त्याहून कोरडी असेल तर ढग बनतच नाही आणि निळ्या आभाळात थर्मल शोधावा लागतो. तेव्हा घारी बघा. सिद्धेश्वर तलावावर दुपारी फिरणारी घार पंख न हलवता वर जाताना कुठे वळते आणि किती घट्ट वळते, हे मी शाळेत असल्यापासून बघत आले होते. पण ती तसं का वळते, ते ग्लायडरमध्ये बसल्यावर कळलं.

थर्मलचा गाभा अरुंद असतो. ताशी ९० किलोमीटरला २० अंश झुकाव दिला तर वर्तुळाची त्रिज्या साधारण १७५ मीटर येते, ४५ अंश दिला तर ६५ च्या आत. प्रवाशांना त्रास नको म्हणून २० अंशांत वळायची आपली सवय इथे नडते. आपण गाभ्याच्या बाहेरूनच फिरत राहतो आणि म्हणतो, आज थर्मल नाहीत. ४५ अंशांत स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलत नाहीत) साधारण १९ टक्क्यांनी वाढतो हे ध्यानात ठेवून, पण घट्ट वळा.

उंची म्हणजेच पेट्रोल, हे ऐकलं असेलच. आकडा सांगते. सेसना १७२ इंजिन बंद झाल्यावर ३०० मीटरवरून पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जाते. सुपर ब्लानिक त्याच उंचीवरून कागदावर ८ किलोमीटर जातं. मी त्यातले चारच धरते, कारण समोरचा वारा आणि खाली बसणारी हवा त्या कागदात नसते.

उतरताना दोन चुका होतात. एक, आपण फार वर फ्लेअर करतो (टेकण्याआधी नाक उचलतो), कारण सेसनात डोळे जमिनीपासून जास्त उंचीवर असतात आणि इथे बूड जवळजवळ गवताला टेकलेलं असतं. नजर पट्टीच्या लांबच्या टोकाकडे ठेवा. दोन, टेकल्यावर आपण सुटलो असं वाटतं. मधलं एकच मुख्य चाक असतं, त्यामुळे पूर्ण थांबेपर्यंत पंख समतल ठेवावे लागतात. साइडस्लिपही (तिरकं घसरत उंची कमी करणं) नीट शिकून घ्या. २३ जुलै १९८३ ला कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवताना कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांनी साइडस्लिप करूनच उंची कमी केली होती. ते ग्लायडर पायलट होते. विमानातले सगळे वाचले.

दिवसभराची तयारी ठेवून जा. थर्मल नसला तर एक उड्डाण पाच-सहा मिनिटांचं, आणि उरलेला वेळ पंख धरणं, ग्लायडर ढकलणं, केबल परत आणणं. तासाभरात उडून घरी जायची सवय असलेल्यांना हे जड जातं. पण दुसऱ्याची चूक जमिनीवरून बघून मी जेवढं शिकले तेवढं स्वतःच्या सीटवर शिकले नाही. डोक्याला कापडी टोपी, भरपूर पाणी, आणि डब्यात आपली कडक भाकरी-शेंगाचटणी न्या. ती संध्याकाळपर्यंत टिकते.

एक सराव इथूनच सुरू होतो, पैसे न देता. पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला खिडकी पकडा. मोहोळ ते कुर्डुवाडी दर पाच मिनिटांनी स्वतःला विचारा: आत्ता ग्लायडर उतरवावं लागलं तर कुठलं रान? ऊस नको, द्राक्ष-डाळिंब नको, तिथे तारा आणि खांब असतात. ज्वारीचं कापलेलं रान चांगलं, पण बांध किती जवळ आहेत ते बघा. वरून विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात, तेव्हा खांबांची रांग शोधा. उतार कुठल्या बाजूला आहे आणि धुराने वारा कुठून दिसतोय, तेही बघा. रान निवडलं की गाडी पुढे जाईपर्यंत त्याच्यातले दोष मोजा. पहिले काही दिवस माझी दहातली सात रानं बाद व्हायची. परतीच्या गाडीत बाहेर अंधार असतो, तेव्हा मी लॉगबुक लिहायची, आणि त्यात सकाळची बाद रानंही लिहायची.