मेली आणि रेंज्ड क्लास बॅलन्स करायचेत? आधी अंतराची किंमत लावा

स्वतःचा ऑनलाइन आरपीजी (आपलं पात्र घडवत खेळायचा गेम) बनवायला घेतला की बरेच जण आधी एक्सेल उघडून डॅमेजचे आकडे भरतात, तलवारवाल्याला (मेली, म्हणजे जवळून मारणारा क्लास, पात्राचा प्रकार) १००, धनुष्यवाल्याला (रेंज्ड, म्हणजे लांबून मारणारा) १००, झालं बॅलन्स. आणि मग पहिल्या टेस्टला बघावं तर सगळे प्लेअर धनुष्य घेऊन उभे. त्यांचं काही चुकत नाही हो, लांबून तेवढाच मार बसत असेल तर अंगावर जाऊन मार खायची हौस कोणाला असणारे. लांब उभं राहता येणं हीच एक ढाल आहे आणि तिची किंमत तुम्ही कुठेच धरलेली नसते.

म्हणून आकड्यांच्या आधी कागदावर एक गणित करा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमची मापं घेऊ, तिथे साधं धावणं सेकंदाला ७ यार्ड आणि मेलीवाल्याचा हात पोचतो साधारण ५ यार्ड. समजा तुमचा जादूगार ३० यार्डांवरून मारतो आणि त्याचा कास्ट (एक मंत्र टाकणं) दीड सेकंदाचा आहे. मेलीवाल्याला मधले २५ यार्ड कापायला साडेतीन सेकंद लागतात, तेवढ्यात जादूगाराचे दोन कास्ट होऊन जातात. एवढं चालतं. आता त्या कास्टला ५० टक्के स्लो लावा, म्हणजे मार बसला की समोरच्याचा वेग निम्मा, मेलीवाला पोचेपर्यंत तीन कास्ट. तो पोचला रे पोचला की जादूगार २० यार्डांचा ब्लिंक (क्षणात दुसरीकडे गायब होणं) मारून लांब, पुन्हा पावणेसहा सेकंद चालत या, म्हणजे अजून तीन कास्ट. सहा कास्ट खाल्ले आणि तलवार अजून एकदाही लागलेली नाही! आणि तुमचा जादूगार चालता चालता मारू शकत असेल तर गणितच संपलं, तो मेलीवाला आयुष्यात पोचत नाही. यालाच काइटिंग म्हणतात, १९९९ च्या एव्हरक्वेस्ट या गेममध्ये ड्रुइड आणि नेक्रोमॅन्सर हे जादूवाले क्लास एकटे फिरून स्वतःपेक्षा दांडगे राक्षस याच पद्धतीने मारायचे.

तेव्हा पहिला नियम हा, की भरवशाचा स्लो आणि चालता चालता पूर्ण डॅमेज या दोन गोष्टी एकाच क्लासला एकत्र द्यायच्या नाहीत. एक द्या, दुसरी द्यायचीच असेल तर मोठ्या कूलडाऊनवर (स्किल पुन्हा वापरता येईपर्यंतची वाट) द्या.

मग मेलीवाल्याच्या बाजूला या. त्याला चार्ज (समोरच्याच्या अंगावर झेप) किंवा उडी हवीच, पण तिचा कूलडाऊन एकटा बघू नका, समोरच्याच्या पळून जायच्या स्किलशेजारी ठेवून बघा. दोन्ही १५-१५ सेकंदांचे असले तर कोण आधी वापरतो आणि कोण दाबून ठेवतो यावर मॅच ठरते, आणि खरी मजा त्यातच आहे. चार्ज ८ सेकंदांचा आणि ब्लिंक ३० चा असला तर जादूगार खेळायलाच कोणी येणार नाही.

जवळ आलं की रेंज्डवाल्याला त्रास व्हायला हवा हे बरोबर, पण तो कसा द्यायचा ते नीट ठरवा. वॉरक्राफ्टच्या हंटरला (धनुष्यवाला क्लास) सुरुवातीला ८ यार्डांच्या आत धनुष्य चालायचं नाही आणि हातातलं शस्त्र तर ५ यार्डांपर्यंतच पोचायचं, म्हणजे मधल्या ३ यार्डांत बिचारा नुसता उभा. पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईत) लोक मुद्दाम त्याच पट्ट्यात येऊन उभे राहायचे. हा प्रकार २००७ साली पॅच २.३ या अपडेटमध्ये काढला. त्यापेक्षा जवळ डॅमेज हळूहळू कमी होऊ द्या, किंवा कास्ट मध्येच तुटू द्या, पण बटण दाबलं आणि काहीच झालं नाही असं नको.

आता बॉस फाइट, म्हणजे गेममधल्या मोठ्या राक्षसाशी सगळ्यांनी मिळून केलेली लढाई. इथे एकच आकडा धरून बसा तो म्हणजे अपटाइम, फाइटमधले किती सेकंद हा क्लास खरोखर मारत होता. बॉसच्या पायाशी आग पेटली की मेलीवाला पळतो, रेंज्डवाला दोन पावलं सरकतो आणि पुन्हा चालू. समजा ३०० सेकंदांच्या फाइटमध्ये रेंज्डवाला २८५ सेकंद मारतोय आणि मेलीवाला २४०, तर नुसतं बरोबरीत यायला मेलीचा डॅमेज साधारण १९ टक्के जास्त लागतो. हा आकडा अंदाजाने टाकू नका, लॉग (लढाईची सेकंदागणिक नोंद) काढून प्रत्येक बॉसचा वेगळा मोजा.

फायनल फँटसी १४ मध्ये असंच काहीसं आहे, मेलीला डॅमेज जास्त आणि वर त्यातल्या काही स्किल बाजूने किंवा पाठीमागूनच माराव्या लागतात, आणि धनुष्यवाला बार्ड फिरता फिरता मारतो म्हणून त्याला डॅमेज कमी. मला ही पद्धत आवडते, पण एक गोम आहे. बॉसचा हिटबॉक्स (जिथे मारलेलं लागतं तो भाग) अवाढव्य केला आणि तो जागचा हललाच नाही तर मेलीचा त्रास गायब होतो आणि जास्तीचा डॅमेज मात्र तसाच राहतो. म्हणजे क्लासचं बॅलन्स अर्धं बॉस बनवणाऱ्याच्या हातात असतं, तो वेगळ्या टीममध्ये असेल तर त्याला मीटिंगला बोलवा.

डॅमेज वाढवायचा नसेल तर मेलीला सहनशक्ती द्या. डायब्लो ३ (२०१२) मध्ये बार्बेरियन आणि मंक या जवळून लढणाऱ्या क्लासना सरळ ३० टक्के कमी मार लागायचा, बाकी क्लासना तेव्हा ही सूट नव्हती. ढोबळ उपाय आहे पण प्रामाणिक आहे.

आणि मेलीवाल्याला एक हलकी फेकायची कुऱ्हाड का होईना द्याच. बॉस हवेत उडाला आणि तो खाली हात चोळत बसलाय यासारखं कंटाळवाणं काही नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये बहुतेक क्लास लढाईतच शस्त्र बदलून लांबून मारू शकतात, लांबचा मार सहसा कमी असतो पण निदान काहीतरी चालू राहतं.

ओल्ड स्कूल रूनस्केपसारखा त्रिकोण (मेली रेंज्डला भारी, रेंज्ड मॅजिकला, मॅजिक मेलीला) उचलायचा मोह होतो सगळ्यांना. तिथे तो चालतो कारण कोणीही भर लढाईत सामान बदलू शकतो. तुमच्याकडे क्लास एकदा निवडला की कायमचा असेल तर हा त्रिकोण नको, मॅच लागतानाच निकाल लागलेला असेल.

शेवटी लॅग, म्हणजे प्लेअर आणि सर्व्हर यांच्यातला उशीर, आणि ही टेस्ट लोक हमखास टाळतात. २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे ७ च्या वेगाने जवळपास दीड यार्ड, ५ यार्डांच्या हातात दीड म्हणजे खूप झालं, ३० यार्डांच्या धनुष्याला त्याचं काहीच वाटत नाही. स्क्रीनवर तलवार लागलेली दिसते आणि सर्व्हर म्हणतो टार्गेट लांब आहे. वॉरक्राफ्टमध्ये दोघंही पळत असतील तर मेलीचा पल्ला थोडा वाढवून धरतात, तसं काहीतरी तुम्हीही ठेवा, दीड-दोन यार्ड पुरतात. ऑफिसच्या वायफायवर टेस्ट करून समाधान मानू नका, मुद्दाम २०० मिलिसेकंदांचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा उशीर) लावा आणि पळणाऱ्या माणसामागे तलवार घेऊन पाच मिनिटं धावून बघा.