प्रकाशन करार आणि कॉपीराइट: प्रकाशकांनी या चुका टाळाव्यात

लेखकाला मानधन दिले आणि पुस्तक छापले म्हणजे त्याचे हक्क आपोआप आपल्याकडे आले, असे गृहीत धरणे ही प्रकाशकाला सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी व किती रॉयल्टीवर दिले, याचा उल्लेख असावा लागतो.

करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर केवळ भारत. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ एवढ्या एका ओळीच्या पत्रावर विसंबून सहाव्या वर्षी नवी आवृत्ती काढणारा प्रकाशक म्हणूनच नकळत हक्कभंग करत असतो. शिवाय करारात वेगळे ठरले नसेल आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर तोही संपतो. हस्तलिखिते वर्षानुवर्षे कपाटात ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पुनर्मुद्रणाचा विचार सुरू होताच जुना करार काढून वाचावा आणि त्यातील उणिवा लेखकाशी किंवा वारसांशी पुरवणी करार करून भरून काढाव्यात. ई-बुक आणि ऑडिओबुकबाबत तर हे अटळच आहे, कारण २०१२ च्या दुरुस्तीनुसार कराराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, हस्तांतरित होत नाही.

‘लेखक वारले, आता पुस्तक खुले’ हा समजही तितकाच घातक आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे संरक्षण त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकते. साने गुरुजींचे निधन १९५० मधले, म्हणून त्यांचे असे लेखन २०११ च्या आरंभी खुले झाले. मूळ ग्रंथ खुला असला तरी त्याच्या अलीकडच्या अनुवादावर अनुवादकाचा आणि नव्या प्रस्तावना-टिपांवर त्या लिहिणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असू शकतो. पत्रसंग्रह काढताना पत्रे ज्यांच्या संग्रही आहेत, केवळ त्यांची परवानगी पुरत नाही. पत्रातील मजकुराचा हक्क सामान्यतः ते लिहिणाऱ्याकडे राहतो.

अमुक ओळींपर्यंतचे अवतरण विनापरवाना चालते, असा सरसकट नियम कायद्यात नाही. समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी घेतलेल्या उताऱ्याला कलम ५२ चा आधार मिळतो. मुखपृष्ठाच्या शोभेसाठी घेतलेल्या कवितेच्या चार ओळींना तो मिळेलच असे नाही.

सर्व हक्क रीतसर घेतल्यावरही एक गोष्ट लेखकाकडेच राहते. कलम ५७ नुसार हे लेखन आपले आहे असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा त्याचा अधिकार हस्तांतरणानंतरही टिकतो. म्हणून संपादनात मजकूर बराच कापला किंवा बदलला असेल, तर छपाईपूर्वी अंतिम मुद्रितांवर लेखकाची लेखी संमती घ्यावी.