आधी गाडीखाली झोपा, मग लिफ्ट किट घ्या: फोर-बाय-फोर स्वतः कशी राखावी

खंडेनवमीला आपण गाडी धुऊन हार घालतो. पण चार महिने गगनबावड्याचा पाऊस आणि राधानगरीकडचा तांबडा चिखल खाल्लेल्या फोर-बाय-फोरला त्याआधी एक अख्खा दिवस द्यायला हवा, आणि त्यातला निम्मा वेळ तिच्या खाली. टायर, लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), दिवे हे सगळं त्यानंतर. बुश (सांध्यांतल्या बाह्या) झिजलेले आणि डिफरन्शियलमध्ये (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यात) पाणी शिरलेलं असताना केलेलं मॉडिफिकेशन मूळ दुखणं झाकतं आणि वाढवतं.

खालची माहिती पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि दोन्ही चाकं जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल असलेल्या गाड्या धरून लिहिली आहे: एमएम 540 सारख्या जुन्या जिपा, जिप्सी. नव्या थारला पाटे नाहीत आणि पुढे अख्खा अ‍ॅक्सलही नाही, तिथे तेवढा भाग सोडा. बाकी बरंचसं लागू पडतं.

हत्यारं

रिंग पाने, अर्ध्या इंची ड्राइव्हचा बॉक्स पान्यांचा सेट, टॉर्क पाना, ग्रीस गन, व्हर्नियर, तेल काढायला पसरट घमेलं, आणि 3 टनांचे दोन अ‍ॅक्सल स्टँड. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली जायचं नाही. विटांचा थर तर कधीच नको. वीट दाबाखाली न सांगता फुटते. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. जुन्या जिपांमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचं एक चाक उचललं की तो गाडी धरत नाही. हे ठाऊक नसेल तर गाडी स्टँडवरून सरकते.

धुणं

तांबडी माती ओल धरून ठेवते. चासीच्या पोकळ भागात ती साचली की पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चासीच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, आत नळी घालून गढूळ पाणी थांबेपर्यंत धुवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जा. खणखणीत आवाज येतोय तिथे ठीक, बद्द आवाज येतोय तिथे खरवडून बघा. प्रेशरच्या पाण्याची धार ऑइल सील, अल्टरनेटर आणि ब्रीदरवर (अ‍ॅक्सलमध्ये हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडावर) सरळ मारू नका. ब्रेक ड्रम उघडून आतला चिखल काढा, पण लायनिंगची धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

डिफरन्शियलचं तेल

पावसाळ्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. ओढा ओलांडताना तापलेला अ‍ॅक्सल एकदम थंड पाण्यात जातो. आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेऊ पाहते. ब्रीदर मोकळा असेल तर त्यातून हवा येते. चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. म्हणून सील बदलूनही पाणी शिरत राहिलं, तर आधी ब्रीदर तपासा.

तेल काढायच्या आधी गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा. गरम तेल पातळ होतं आणि तळचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग सपाट जागेवर उभी करून आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. तो हलतोय याची खात्री झाल्यावरच खालच्याला हात लावा. उलट केलंत आणि वरचा प्लग गोल झाला, तर तेल काढलेली गाडी दारात अडकून बसेल.

खालचा प्लग सोडताना पहिल्या धारेकडे नीट बघा. गाडी न फिरवता, दोन-तीन दिवस उभी असतानाच प्लग सोडला तर पाणी तळाला बसलेलं असतं आणि ते आधी येतं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी घुसळून मिसळलंय असं समजा. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा करडा, बोटाला लोण्यासारखा लागणारा लेप ही नेहमीची झीज आहे. नखाला टोचणारा कण किंवा दातासारखा तुकडा मिळाला, तर तेल भरून पुढे जाऊ नका. कव्हर उघडून क्राउन-पिनियन (आतली दातेरी चाकं) बघावंच लागेल.

नवं तेल 80डब्ल्यू-90, जीएल-5 दर्जाचं. सिरिंजने किंवा पंपाने वरच्या भोकातून भरा, ते भोकाच्या ओठावर येऊन ओघळलं की थांबा. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. तेल अ‍ॅक्सलच्या नळ्यांत पसरतं आणि पातळी उतरते. तेल दुधाळ निघालं असेल तर नवं भरून शंभरेक किलोमीटर चालवा आणि परत बदला, कारण एका खेपेत सगळं पाणी निघत नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिल्याशिवाय हेच जीएल-5 गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. जुनं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या. गटारात ओतलेलं तेल पंचगंगेतच जातं.

क्रॉस, बेअरिंग, पाटे

प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या चौफुली सांध्यात) लिथियम ईपी-2 ग्रीस मारा, चारही टोपणांच्या सीलमधून नवं ग्रीस दिसेपर्यंत. तीनच टोपणांतून आलं तर चौथं कोरडं आहे. शाफ्ट थोडा हलवून परत मारा. टोपणाभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतले निडल रोलर गंजलेत आणि तो क्रॉस आता ग्रीसने वाचणार नाही. सरकत्या स्प्लाइनच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या जोडाच्या) निपलला मात्र दोन-तीन पंप पुरेत. जास्त दाबलंत तर शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही.

आता पुढचं चाक उचलून वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खिळा). 9 आणि 3 वर धरल्यावर खेळ लागला तर टाय रॉडचे (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड बघा.

पाट्यांमध्ये तीन जागा तपासा: शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या दुव्याचे) बुश, मधला सेंटर बोल्ट आणि पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट. सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

उद्यमनगरात काय करून घ्यावं

कोल्हापूरकरांचं हे भाग्य आहे. शिवाजी उद्यमनगरात बुश, पिन, स्पेसर, ब्रॅकेट असं काहीही लेथवर करून मिळतं. जुना नमुना सोबत न्या, पण माप त्या झिजलेल्या नमुन्याचं देऊ नका. ज्या घरात तो बसतो त्या घराचं माप व्हर्नियरने तीन ठिकाणी घ्या आणि ते लिहून द्या.

स्टीअरिंग आणि ब्रेकचा कोणताही भाग मात्र लेथवर करून किंवा वेल्डिंग करून घेऊ नका. ड्रॅग लिंक, टाय रॉड, नकल हे फोर्जिंगचे आणि ठरावीक उष्णता दिलेले भाग असतात. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि करूळ घाटाच्या वळणावर ते तुटण्याआधी इशारा देत नाही. कारागीर कितीही हुशार असला तरी हे करायचं नाही.

बदल कोणत्या क्रमाने

पहिला बदल सगळ्यात स्वस्त: ब्रीदरची नळी वर नेणं. तेल सहन करणारी 8 मिमी रबरी नळी ब्रीदरच्या तोंडाला क्लॅम्पने लावा, इंजिनच्या मागच्या पत्र्याच्या वरच्या कडेपर्यंत न्या आणि टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर बसवा. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी नळी ताणणार नाही एवढी ढील ठेवा.

दुसरा बदल, ओढायची जागा. बंपरला दोरी बांधू नका. हुक चासीला, किमान 8.8 ग्रेडच्या बोल्टांनी आणि मागे जाड पट्टी देऊन बसवा. बो शॅकलवर (दोरी अडकवायच्या कडीवर) वजनाचा आकडा कोरलेलाच हवा. पाऊण इंचीवर 4.75 टन असतो.

मग टायर. समजा 205/70 आर15 काढून 215/75 आर15 घातले. व्यास सुमारे 668 मिमीवरून 703 वर जातो, पण डिफरन्शियलखालची जागा त्याच्या निम्मीच, म्हणजे साधारण 18 मिमी वाढते. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 ने धावत असेल. चढावर पहिला गिअर जड लागेल, ब्रेकवरही ताण येईल. 18 मिमीसाठी एवढं द्यायचं का, हे आधी ठरवा. चिखलात त्याच टायरची हवा 30 वरून 18-20 पीएसआयवर आणली तरी पकड बरीच वाढते, आणि त्याला खर्च नाही. 15 च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून सुटतो. डांबरावर येताच हवा भरा आणि फोर-व्हील काढा. या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळताना शाफ्ट पिळले जातात.

आरटीओचं बघूनच पुढे जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी चौकटीवर) कारवाई करायला केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवलं होतं. त्यामुळे मोठे टायर आणि लिफ्ट यांबद्दल आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

लिफ्ट शेवटी, आणि तीही 2 इंचांच्या आत. लांब शॅकल लावून उंची वाढवणं स्वस्त दिसतं, पण 2 इंच लांब शॅकलने गाडी 1 इंचच वर जाते आणि अ‍ॅक्सल फिरल्यामुळे कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बिघडतो. मग स्टीअरिंग सरळ राहत नाही. उंची नव्या पाट्यांनी घ्या. बसवल्यावर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू द्या आणि ब्रेकचा होज ताणतोय का, शॉकअप पूर्ण उघडून अडतोय का, हे हाताने चाचपून बघा. नंतर 500 किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट टॉर्क पान्याने परत कसा. नवे पाटे बसतात तसे ते हमखास सैल होतात.