सोळावा वाढदिवस हॉलमधे, आणि कॅमेरा तुमच्या गळ्यात

पहिला वाढदिवस हॉल घेऊन करतात तसा आता सोळावा पण करायला लागलेत लोक, म्हणजे छापील निमंत्रण, ड्रेसकोड, स्टेज, एलईडी वॉल, मुलगी फरशीवर लोळणाऱ्या गाऊनमधे आणि बाबा लग्नानंतर पहिल्यांदा सुटात. मग नात्यात जिच्याकडे बरा कॅमेरा असेल तिला फोन येतो, "अगं तूच काढ ना, बाहेरचा कशाला?" माझी सुरुवात अशीच झाली, मामेबहिणीच्या लेकीच्या वाढदिवसाला, इथेच नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. आता ओळखीपाळखीत पैसे घेऊन पण करते. तेव्हा ज्यांना पहिल्यांदाच असा फोन आलाय त्यांच्यासाठी हे.

कॅमेऱ्याच्या आधी एक काम करा, मुलीशी एकटीशी बोला. (मुलगा असेल तर मुलाशी, फक्त त्याच्याकडून तीन शब्द निघतील.) एक वर्षाचं बाळ फोटोबद्दल काही म्हणत नाही, सोळा वर्षांची पोरगी म्हणते, आणि फोटो जन्मभर तिचेच असणार असतात. कुठली बाजू आवडते, दाताला तारा आहेत तर मोठं हसायचंय का नाही, जवळच्या मैत्रिणी कोण, सध्या कोणाशी अबोला आहे, हे सगळं विचारायचं. एकीने मला सरळ सांगितलं होतं, "ताई, बाबांच्या ऑफिसवाल्यांबरोबर माझे बारा फोटो नकोत." त्यानंतर आईकडून दुसरी यादी घ्यायची, त्यात आजी-आजोबा, आत्या, मामा-मामी, सोसायटीतल्या काकू. या दोन याद्या कधीच जुळत नाहीत, तेव्हा दोन्ही खिशात ठेवा.

दुसरं काम म्हणजे एक दिवस आधी, निदान दोन तास आधी तरी, हॉल बघून यायचा. आणि तिथे गेल्यावर पहिलं वर बघायचं. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर देव पावला, फ्लॅश (कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा, मान वळणारा) वर वळवायचा आणि छतावरून आपटून येणारा मऊ प्रकाश वापरायचा. लाकडी किंवा काळं छत असेल, किंवा लॉन्स असून वर नुसतं आकाश असेल, तर फ्लॅश वर मारून काही परत येत नाही हो, नुसते सेल संपतात. मग एखादी पांढरी भिंत शोधा, किंवा फ्लॅशला मागून पांढरा कार्ड रबरबँडने लावा, जाड ड्रॉइंग पेपर चालतो. समोरून थेट फ्लॅश मारला की कपाळ चमकतं, मेकअप पांढरा पडतो आणि मागच्या चंदेरी झिरमिळ्यांच्या पडद्यात तुमचाच फ्लॅश ताऱ्यासारखा दिसतो. १ आणि ६ चे ते फॉइलचे फुगे असतात ना, तेही आरशासारखेच, त्यांच्यासमोर सरळ उभं न राहता थोडं तिरकं व्हायचं.

एलईडी लाइटचं एक दुखणं आहे ते नीट समजून घ्या कारण पहिल्या वेळी मी यातच फसले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि शटर (ते किती वेळ उघडं राहतं तो वेळ) सेकंदाच्या १/२५० वगैरे ठेवलं की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, नाहीतर एक फोटो पिवळा आणि पुढचा हिरवट. शटर १/१०० वर आणा, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळायची सोय) असेल तर चालू करा. मागच्या एलईडी वॉलची लुकलुक मात्र वेगळी असते, तिथे शटर थोडं थोडं बदलून रेघा जाईपर्यंत टेस्ट शॉट घ्यायचे, आणि हे पाहुणे यायच्या आधी.

बाकी सेटिंग सांगायचं तर ५० मिमीचा एफ/१.८ लेन्स घ्या, स्वस्त आहे आणि अंधारात हाच वाचवतो. एकटीचा फोटो असेल तर अपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) २ ते २.८, ग्रुप असेल तर ५.६, नाहीतर पुढची रांग शार्प आणि मागचे मामा धूसर. आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद) ३२०० ला घाबरू नका, थोडे दाणे आलेले चालतात, हललेला फोटो कुठेच चालत नाही. फाइल रॉमधे (म्हणजे कच्ची, जेपेग न केलेली) ठेवा कारण स्टेजवर जांभळा, गुलाबी, निळा असे सगळे दिवे एकदम असतात आणि त्वचेचा रंग नंतर जुळवावा लागतो. डीजेला लेझर असेल तर त्याचा झोत सरळ लेन्समधे येऊ देऊ नका, सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

मोबाइलवरच काढणार असाल तर लेन्स रुमालाने पुसा (हसू नका, निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने येतात), चेहऱ्यावर टॅप करून उजेड जरा कमी करा, ग्रुपला अल्ट्रावाइड वापरू नका, कडेची माणसं उगाच फुगतात.

एकटीचे नटलेले फोटो पार्टीच्या आधीच उरकायचे. केस, मेकअप, गाऊन सगळं तेव्हाच ताजं असतं, नंतर केक गालावर जातो आणि विषय संपतो. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातनंतर, त्या हिशोबाने तासभर आधी तिला तयार राहायला सांगा, आणि पार्लरवाली अर्धा तास उशीर करणार हे धरूनच सांगा. पोझ देताना हात कुठे ठेवू हा त्या वयाचा मोठा प्रश्न असतो, म्हणून हाताला काम द्यायचं, गाऊनचा घेर धर, बांगडी फिरव, दोन पावलं चाल आणि मागे बघ. चालता चालता खांदे आपोआप सैल पडतात. आणि आईबाबांना तेवढा वेळ चहा प्यायला पाठवा, ते मागे उभे राहून "नीट हस ना गं" म्हणत असले की पोरगी हसत नाही.

औक्षण स्टेजवर असो किंवा घरून करून निघणार असोत, तिथे फ्लॅश बंद. आधी कुंकू, अक्षता, मग अंगठी-सुपारी आणि मग निरांजन ओवाळतात, म्हणजे पुढे काय येणार ते तुम्हाला माहीत असतं, त्याचा फायदा घ्या. तबक वर गेलं की चेहरा झाकतो, खाली आलं की ज्योतीचा उजेड गालावर येतो, तेव्हा दाबायचं. जागा अशी पकडा की ओवाळणारीचा हात मधे येणार नाही आणि आई, मुलगी दोघींचे चेहरे मिळतील. आजीने ओवाळलं तर कॅमेरा आजीवर ठेवा, त्या वेळी मुलगी लाजते आणि आजी भरून पावलेली असते.

एंट्रीला कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी) असतात, ते फार वेळ चालत नाहीत. ऑटोवर ठेवलं तर ठिणग्यांच्या उजेडाने कॅमेरा गोंधळतो आणि मुलगी काळी येते, म्हणून आधीच मॅन्युअलवर सगळं लावून ठेवा, शटर १/६० ते १/१०० म्हणजे ठिणग्यांच्या छान रेषा येतात. पायरो कधी लावणार ते डीजेवाल्याला विचारून ठेवा, त्याला "दादा, मला बोटाने खूण करा" म्हटलं की तो करतो. ही माणसं सांभाळून ठेवा, अँकर, डीजे, डेकोरेशनवाला, निम्मे चांगले फोटो त्यांच्या मेहेरबानीवर असतात.

आता केक. माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. ऐनवेळी कोणीतरी हॉलचे सगळे दिवे घालवले, कॅमेरा फोकस शोधत घर्रघर्र करत बसला आणि तिने फुंकर मारून टाकली. मग मेणबत्त्या परत लावल्या, परत फुंकर, आणि त्या दुसऱ्या फुंकरीचा फोटो बघितला की कळतं की ही फक्त फोटोसाठी फुंकतेय. तेव्हापासून मी अँकरला सांगून ठेवते की एका बाजूचे दिवे चालूच राहू देत, आणि फोकस आधीच तिच्या डोळ्यावर घेऊन ठेवते, केकवर नाही. सगळ्यांना टेबलाच्या मागे आणि बाजूला उभं करा, समोरची जागा मोकळी पाहिजे, तरी एक काका मोबाइल घेऊन मधे येतातच, त्यांना गोड बोलून बाजूला घ्या. आणि एक, स्नो स्प्रे मेणबत्त्या विझेपर्यंत कोणाच्या हातात नको. तो फेस भडकून पेटतो. गॅसच्या फुग्यांचंही तेच, हायड्रोजन असला तर ज्योतीजवळ भडका उडतो. हे सांगणं फोटोग्राफरचं काम नाही असं वाटेल, पण मेणबत्तीपासून दोन फुटावर तुम्हीच उभ्या असता.

ग्रुप फोटो जेवणाच्या आधी. आजी-आजोबा लवकर निघतात, त्यांना पहिलं बोलवा. नावाने हाका मारायला घरातला एक दणकट आवाजाचा माणूस लागतो, तुम्हाला कोण कुठली आत्या ते कळणार नाही. प्रत्येक ग्रुपचे चार तरी फोटो, कोणीतरी डोळे मिटतंच.

नाचाचे फोटो शेवटी ठेवू असं म्हणून गाफील राहू नका. लॉन्सवर उघड्यावर पार्टी असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, बंद हॉलमधे तेवढी सवलत आहे. म्हणजे केक साडेनऊला कापला तर नाचायला अर्धा तास, आणि मैत्रिणी खऱ्या खुलतात त्या तिथेच. त्या घोळक्यात आत शिरा, वाइड लेन्स घ्या, फ्लॅश जरा कमी ताकदीवर आणि शटर १/३० ला नेलं की चेहरा थांबलेला आणि मागचे दिवे वाहिलेले दिसतात. दहातले आठ फुकट जातील. जाऊ देत.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी फोटो दोन ठिकाणी कॉपी केल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. एडिट करताना पिंपल काढा, तो पुढच्या आठवड्यात जाणारच असतो, पण तीळ काढू नका आणि कातडी उजळ करू नका, आईने सांगितलं तरी नाही. मला एकदा "जरा गोरी कर ना" असा मेसेज आला होता, मी म्हटलं सॉफ्टवेअरमधे होत नाही. खोटं बोलले, पण पोरीच्या चेहऱ्याचा रंग तिचाच राहिला.

निवडलेले फोटो आधी मुलीला द्या, एक दिवस तिच्याकडे राहू देत, तिला नको असलेले तिने उडवावेत आणि मगच लिंक फॅमिली ग्रुपवर जावी. व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून टाकले की बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर. मैत्रिणी पण अठराच्या आतल्याच असतात, तेव्हा स्वतःच्या पेजवर काही टाकायचं असेल तर त्यांच्या घरी पण विचारा, फक्त वाढदिवसवालीच्या आईची परवानगी पुरत नाही. आणि औक्षणाचा तो आजीचा फोटो मात्र प्रिंट काढून द्या, पाच बाय सात, मॅट पेपरवर, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि आजीला दिसत नाही.