परसातल्या लाजऱ्या पक्ष्याचा फोटो साध्या मोबाइलवर जवळून कसा काढावा

साध्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा फार रुंद बघतो. फोन आडवा धरला तर एक मीटरवरचा साधारण १.४ मीटर रुंदीचा भाग त्यात मावतो, पाच मीटरवरचा जवळपास सात मीटर. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत २० सेंमी. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे पाच मीटरवरच्या बुलबुलाच्या वाट्याला जेमतेम ११५ पिक्सेल येतात आणि अर्ध्या मीटरवरच्या बुलबुलाच्या वाट्याला साडेअकराशे. पहिल्या फोटोत फांदीवर एक डाग दिसतो, दुसऱ्यात मानेवरची पिसं वेगवेगळी दिसतात.

म्हणून ‘झूम करा’ हा सल्ला सोडून द्या. साध्या फोनचा झूम तोच ११५ पिक्सेलचा डाग ताणून मोठा करतो, नवीन काही दाखवत नाही. ‘दबकत दबकत जवळ जा’ हेही विसरा. कस्तुर, पाचू-कवडा, पाणकोंबडी यांच्या अर्ध्या मीटरवर चालत कुणी पोचत नाही; फक्त रोज उठवल्यामुळे ते ती जागा सोडतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं तर अजिबात करू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरट्याचं काम, पिल्लांचा चारा टाकून भांडायला धावतो. फोटो दोन मिनिटांत होतो, त्याची सकाळ वाया जाते.

तेव्हा फोन आधी तिथं नेऊन ठेवायचा, पक्ष्याला आपल्या पायांनी येऊ द्यायचं आणि आपण घरात बसायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

जागा आणि पाणी

दिवस निवडायचे ते शिमग्यापासून मिरगापर्यंतचे. पऱ्ह्ये, ओहोळ आटलेले असतात आणि एरवी रानातून बाहेर न येणारे पक्षीही पाण्यासाठी घराजवळ येतात. पाऊस सुरू झाला की जिथं तिथं पाणी, मग तुमच्या भांड्याकडे कुणी बघत नाही.

जागा पक्ष्याला ठरवू द्या. चार सकाळी खिडकीतून नुसतं बघा. न्हाणीचं पाणी केळींना, अळवाला सोडलेलं असतं तिथं लाजरी पाणकोंबडी फिरते. पोफळींखाली पाचोळा साचला असेल तर नारंगी डोक्याचा कस्तुर एकेक पान उलटत हिंडतो. विहिरीच्या डोणीवर दयाळ आणि नाचण ठरलेले. जिथं पक्षी आधीच येतो तिथंच भांडं ठेवायचं; तुम्हाला खुर्ची टाकायला सोयीची जागा पक्ष्याला सोयीची असेलच असं नाही.

भांडं मातीचं पसरट परळ, ३० सेंमी व्यासाचं. पाणी काठाला २ आणि मध्ये ४ सेंमीपेक्षा खोल नको, मधोमध जांभ्याचा एक खडबडीत तुकडा. स्टीलची परात नको, ती चकाकते आणि पाय घसरतात. पाणी रोज बदला. झुडूप दोनेक मीटरवर हवं, म्हणजे पक्ष्याला पळायला आडोसा मिळतो, पण मांजराला झडप घालता येत नाही. शिळा भात, पाव, फरसाण टाकू नका. त्यावर कावळे जमतात आणि कावळे जमले की लाजरे पक्षी फिरकत नाहीत.

नुसत्या साठलेल्या पाण्यापेक्षा ठिबकणाऱ्या पाण्यावर पक्षी लवकर येतात. एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी सुईनं भोक पाडा, बाटली परळावर मीटरभर उंच टांगा आणि टोपण कमी-जास्त आवळून सेकंदाला एक थेंब पडेल असं करा. टोपण घट्ट आवळलं की आत हवा जात नाही आणि धार थांबते, त्यामुळे वेगळा नळ लागत नाही. एक बाटली पाचेक तास पुरते.

बसायची फांदी

पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी वर कुठंतरी बसतो, चारी बाजू न्याहाळतो, मग खाली येतो. ती बसायची जागा तुम्ही द्यायची. बोटाएवढ्या जाडीची, साल असलेली आंब्याची किंवा काजूची सुकी फांदी परळापासून ३० ते ४० सेंमीवर, जमिनीपासून दोन वीत उंचीवर रोवा. चांगला फोटो फांदीवरच मिळतो. परळातला फोटो ओल्या पिसांचा आणि मातीच्या काठाचा होतो.

आता एक गोष्ट नीट करा. फांदी फोनच्या काचेला समांतर, अगदी आडवी हवी. फोनकडे टोक करून रोवलीत तर पक्षी पुढं बसला की एक अंतर, मागं बसला की दुसरं, आणि धरून ठेवलेला फोकस निम्म्या वेळा चुकतो. समांतर फांदीवर तो कुठंही बसला तरी अंतर जवळपास तेच राहतं. फांदीवर बसायला वीतभरच मोकळी जागा ठेवा, बाकी फाटे तसेच असू द्या.

फांदीच्या मागं निदान दोन मीटर मोकळं आणि त्यापलीकडे एकसारखं काहीतरी हवं: केळीच्या बुंध्यांची सावली, गडग्यावरची, म्हणजे दगडी कुंपणावरची हिरवळ, पोफळीच्या बागेतला काळोख. मागं आभाळ असलं की पक्षी काळा पडतो. वाळत घातलेले कपडे, निळी ताडपत्री, पंपाचा पाइप फ्रेममध्ये येत नाही ना ते आत्ताच बघा. साध्या फोनला मागचं धूसर करता येत नाही आणि पोर्ट्रेट मोड चोच नाही तर शेपटी पुसून टाकतो.

फोन बसवणं: इथंच सगळ्यांचं फसतं

पहिल्याच दिवशी फोन अर्ध्या मीटरवर ठेवतात, दोन तास कुणी येत नाही, आणि मग ‘आमच्याकडचे पक्षी फार भित्रे’ असं म्हणून सोडून देतात. पक्ष्याला मोबाइल म्हणजे काय ते कळत नाही. काल इथं नसलेली वस्तू आज आहे, एवढंच त्याला कळतं, आणि त्याच्या दृष्टीनं ते भिण्याचं पुरेसं कारण आहे. शिवाय ती वस्तू काचेची, उन्हात लखलखणारी. तेव्हा फोनला त्या जागेचा जुना रहिवासी करून घ्यायला हवा, आणि त्याला पाच-सहा दिवस लागतात. हे दिवस वाचवायचा कुठलाही मार्ग नाही. जे वाचवायला जातात त्यांचे महिने जातात.

आधी खोटा फोन करा. फोनच्या मापाचा, साधारण १६ बाय ७.५ सेंमीचा फळीचा तुकडा घ्या. त्याच्यावर पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाशी असणारं रुंद कातडी पान, गुंडाळा: सुकी विरी पंधरा मिनिटं पाण्यात भिजवली की वाकते, सुंभानं बांधून सावलीत वाळवली की तोच आकार धरते. तपकिरी, न चकाकणारी, बागेतलीच वस्तू. कॅमेऱ्यापुढं येणाऱ्या जागी भोक पाडा आणि ते लेन्सपेक्षा चांगलं मोठं ठेवा. रुंद बघणाऱ्या कॅमेऱ्यात भोकाची कड लगेच कोपऱ्यात दिसते.

हा खोटा फोन पहिल्या दिवशी फांदीपासून दीड मीटरवर ठेवा. टेकण म्हणून वाळूची अर्ध्या किलोची कापडी पिशवी पुरते. गडगा जवळ असेल तर त्याच्या चिऱ्यांमधली फट सर्वांत उत्तम, कारण ती आधीपासूनच तिथं आहे. मात्र फटीत हात घालायच्या आधी लांब काठीनं ती पूर्ण चाळवा आणि आत उजेड टाकून बघा, प्रत्येक वेळी. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आणि गडग्यात फुरसं असतं, विंचू असतो. फुरसं हातभरही लांब नसतं, मातीत मिसळून जातं, आणि त्याचा दंश जिवावर बेततो.

दुसऱ्या दिवसापासून रोज वीतभर पुढं सरकवा. सरकवायचं ते भर दुपारी, पक्षी नसताना. कधी सरकवायचं हे दिनदर्शिकेवरून ठरवू नका, पक्ष्यावरून ठरवा. अंग चोरलेलं, पिसं घट्ट मिटलेली, मान ताणलेली आणि नजर एकटक खोट्या फोनवर, असा तो बसला तर अजून एक दिवस तिथंच थांबा. कस्तुर घाबरला की पाचोळ्यात उभाच्या उभा थिजतो, पाच-पाच मिनिटं हलत नाही. त्याला ‘छान पोज दिली’ समजू नका. पिसं सैल सोडून अंग साफ करायला लागला, चोच फांदीला घासली, सरळ खाली उतरून अंघोळ केली, की खोटा फोन त्याच्या हिशेबातून गेला. दयाळ शेपटी उडवत राहतो ती त्याची सवय आहे, भीती नव्हे. तासभरात एकही पक्षी उतरला नाही तर दोन वीत मागं या, हट्ट करू नका. मे महिन्यात दुपारी पाण्यापासून अडवलेला पक्षी खरोखर तहानलेला असतो.

अर्धा मीटर ते साठ सेंमी, इथं थांबायचं. त्याहून जवळ गेलात तर भारद्वाजासारखा मोठा पक्षी फ्रेममध्ये मावत नाही. उंची पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडेल एवढी. वरून काढलेला फोटो पाठीचा होतो.

सलग दोन सकाळी पक्षी निर्धास्त आले की तिसऱ्या पहाटे, उजाडायच्या आत, त्याच विरीत खरा फोन.

फोन आतून तयार करणं

शटरचा आवाज, टचचा आवाज, फ्लॅश, कंपन बंद. स्क्रीनचा उजेड सर्वांत कमी आणि स्क्रीन बंद व्हायची वेळ जास्तीत जास्त. काही कॅमेरा ॲप दोन-तीन मिनिटांत आपोआप झोपतात, तुमचं झोपतं का ते आदल्या दिवशी घड्याळ लावून बघा. एचडीआर आणि नाइट मोड बंद. ते अनेक फोटो एकत्र करतात आणि हललेल्या पक्ष्याला दोन डोकी येतात. खाऱ्या हवेत लेन्सवर चिकट थर बसतो, मऊ सुती कापडानं पुसा.

फोकस पक्षी यायच्या आधीच धरून ठेवायचा. फांदीवर पक्षी बसेल तिथं सोडणाचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालीचा, मुठीएवढा तुकडा ठेवा, स्क्रीनवर त्याच्यावर बोट दाबून धरा आणि लॉकची खूण आली की बोट उचला. सोडणच का? रंगानं तो ना पांढरा ना काळा, त्यामुळे उजेडही बरोबर पकडला जातो, आणि त्याचे धागे मोठे करून बघितले की फोकस बसला की नाही ते लगेच कळतं. मग तो काढून घ्या. पांढरा पक्षी यायचा असेल, उदाहरणार्थ स्वर्गीय नर्तकाचा नर, तर उजेड थोडा खाली ओढा. नाहीतर पिसांचा चुना होतो. काही स्वस्त फोन एक फोटो काढला की लॉक सोडून देतात. लागोपाठ तीन फोटो काढून खात्री करा. सोडत असेल तर फोटोऐवजी सलग व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातलं चित्र उचला. फुल एचडी व्हिडिओतलं चित्र दोन मेगापिक्सेलचंच असतं, पण पक्षी अर्ध्या मीटरवर असला की तेवढं चालतं.

प्रो मोड (सगळं हातानं ठरवायची सोय) असेल तर शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ४०० ते ८००. नसेल तर उजेड निवडा: साडेसात ते साडेनऊ, ऊन फांदीवर तिरकं पडत असताना. पोफळीच्या दाट बागेत फोन आपणहून १/३० वर जातो आणि पक्ष्यानं नुसती मान वळवली तरी ती पुसट येते.

लांबून बटण दाबणं

सेल्फीसाठी मिळणारा ब्लूटूथ रिमोट शंभर-दोनशे रुपयांत येतो आणि मोकळ्यात आठ-दहा मीटर चालतो. चिऱ्याच्या जाड भिंतीतून तो चालत नाही, खिडकीच्या गजांतून फोन सरळ दिसला पाहिजे. कॉल येऊ नये म्हणून विमान मोड लावाल, तेव्हा त्यानंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करायला विसरू नका. इअरफोनचं आवाज वाढवायचं बटणही बऱ्याच फोनवर शटर दाबतं. वायर पुरत नाही म्हणून जोडवायर घेतलीत तर पिनेवर तीन काळ्या रेघा असलेली घ्या. दोन रेघांच्या वायरीतून गाणं ऐकू येतं, बटणाचा इशारा पोचत नाही.

पक्षी उतरल्या उतरल्या दाबू नका. त्याला एक घोट पिऊ द्या, परत फांदीवर येऊ द्या, मग दोन-तीन फोटो आणि थांबा. शंभर फोटो काढून फोन तापवण्यात अर्थ नाही. एप्रिलमधल्या उन्हात साडेनऊनंतर तो तसाही तापून कॅमेरा बंद करतो, तेव्हा त्याआधी उचलून जागी खोटा फोन परत ठेवा. उचलताना ओंबील (चावऱ्या तांबड्या मुंग्या) बघा, ती विरीच्या घडीत शिरते.

घरट्यावर हे काहीही करू नका, घरटं अगदी ओटीच्या वाशावर असलं तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी, घरटं यांना त्रास देणं शिकारीतच मोडतं. तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओहोळाच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. समोर फोन दिसला की चोचीत चारा घेतलेली आई तासन् तास बाजूच्या फांदीवर बसून राहते आणि बिळात पिल्लं उपाशी. असं बीळ कुठं सापडलं तर जागेचं नाव फोटोसोबत कुणाला पाठवू नका.

फोटो निवडताना आधी डोळा बघा. त्यात उजेडाचा ठिपका आणि बुबुळाची कड स्पष्ट असेल तर फोटो ठेवा. डोळा पुसट असेल तर बाकी कितीही छान असला तरी काढून टाका.

फोटो मिळाले म्हणून दुसऱ्या दिवशी परळ उचलू नका. एव्हाना दहा-वीस पक्षी त्या पाण्यावर विसंबलेले असतात, आणि मेच्या अखेरीस आसपास दुसरं पाणी नसतं. मिरगाचा पाऊस पडून ओहोळ वाहायला लागेपर्यंत रोज पाणी भरा. मग परळ धुऊन पडवीत पालथं घाला, म्हणजे त्यात डास होणार नाहीत.