स्टारड्यू व्हॅलीत मोठा मासा हवाय? आधी पाऊस बघा

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशेब लिहिते. रात्री जेवणं उरकली की फोनवर स्टारड्यू व्हॅली, शेती आणि मासेमारीचा गेम. भाचा सारखा म्हणतो, ‘मावशी, लेजंड पकडला का?’ लेजंड हा गेममधला मासा, नाव मोठं, पण लांबी साधारण पन्नास इंच. साधा कॅटफिश सहा फुटांपर्यंत जातो, स्टर्जन पाच फुटांपर्यंत. लांबी हवी असेल तर या दोघांच्या मागे लागा.

कॅटफिश पावसातच लागतो, वसंतात आणि शरदात, नदीत. आपल्याकडंही कृष्णेला तांबडं पाणी आलं की गळवाले आयर्विन पुलाच्या आसपास दिसायला लागतात. नव्या पाण्याला मासा चढतो हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. गेममध्ये रोज घरातला टीव्ही लावून उद्याचं हवामान बघा. पाऊस सांगितला की पिकांना पाणी घालायचं काम वाचतं, ती सगळी ताकद नदीवर घालवा. स्टर्जनला पाऊस लागत नाही. तो उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात डोंगरातल्या तळ्यात असतो, पण संध्याकाळी सातनंतर मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. मासा किती मोठा निघणार हे बरंचसं गळ कुठं पडला यावर ठरतं. जवळच्या जमिनीपासून नकाशावरची पाच चौकोनी घरं लांब पडला तर सगळ्यात उत्तम. त्यामुळं ताकदीची पट्टी पूर्ण भरू द्या, मगच सोडा. पण नदीत एक गंमत आहे: आडवा फेकलात तर गळ समोरच्या काठाला जाऊन टेकतो आणि सगळी मेहनत वाया. पात्र रुंद असेल तिथं उभं राहून प्रवाहाच्या लांबीला फेका. मासेमारीची लेव्हल जितकी वर, तितका मासाही मोठा.

मासा लागल्यावर हिरवी पट्टी त्याच्यावर ठेवायची. बहुतेक जण बोट दाबून धरतात, पट्टी वर जाऊन आपटते आणि मासा खाली राहतो. दाबून धरू नका, पोह्यांवर लिंबू पिळावं तसं थोडं थोडं दाबा. मासा खाली बसला तर बोट उचला, पण पट्टी तळावर आपटून उसळते, म्हणून टेकायच्या आधी एकदा हलकंच दाबा. आणि हे फार जणांना ठाऊक नसतं: मासा पट्टीबाहेर असतो तेवढा वेळ त्याची लांबी एकेक इंचानं कमी होत जाते. म्हणजे तो शेवटी हाती आला तरी आखूड होऊन येतो. एकदाही बाहेर न जाऊ देता ओढलात तर ‘परफेक्ट’ मिळतं आणि दर्जाही एक पायरी चढतो. (भडंग खात खेळत असाल तर आधी बोटं पुसा. तेलकट बोटानं स्क्रीनवर काही जमत नाही.)

सामान: मासेमारीच्या लेव्हल सहाला विलीच्या मासेमारीच्या दुकानात गेममधल्या पैशात ७,५०० चा इरिडियम रॉड मिळतो. महाग वाटतो, पण टॅकल, म्हणजे गळाला जोडायचं जादा सामान, त्याला लागतं. मी ट्रॅप बॉबर लावते, मासा पट्टीतून निसटला तरी लगेच सुटत नाही. पट्टीच मोठी हवी असेल तर कॉर्क बॉबर. कॅटफिश वरखाली फार झेपा घेतो, त्याला ट्रॅप बरा. निघताना ‘डिश ओ द सी’ हा पदार्थ खा, मासेमारीची लेव्हल तेवढ्यापुरती तीननं वाढते. दोन सार्डिन आणि एक हॅशब्राउन, एवढंच लागतं.

लेजंड हवाच असेल तर लेव्हल दहा, वसंत ऋतू आणि पाऊस. जागा डोंगरातल्या तळ्यातल्या बुडालेल्या ओंडक्याजवळची. पहिल्या वर्षी त्याच्या नादाला लागून वसंत वाया घालवू नका. शरदात जोजामार्ट या दुकानाच्या उत्तरेला लाकडी फळीवरून अँगलर मासा धरा, त्याला लेव्हल तीन पुरते. वसंत संपत आला आणि पाऊस नाहीच, तर रेन टोटेम वापरा, दुसऱ्या दिवशी पाऊस येतो. ते बनवायला फोरेजिंगची, म्हणजे रानातलं गोळा करायची, लेव्हल नऊ हवी आणि ट्रफल ऑइल लागतं; ट्रफल डुकरं शोधतात, म्हणजे आधी डुकरं पाळा.