वासराला हगवण? आधी चिमटा घेऊन बघा

निफाडला आमच्या गोठ्यात पावसाळ्यात एखाद्या वासराला पिवळी पातळ हगवण लागतेच. बहुतेक वासरं दगावतात ती अंगातलं पाणी आटून. म्हणून आधी मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. घडी 2 सेकंदांत मोडली नाही, तर पाणी कमी पडलंय.

1. 1 लिटर कोमट पाण्यात ओआरएसची 1 लिटरची पुडी विरघळवून दिवसातून 2-3 वेळा पाजा.
2. दूध चालूच ठेवा, पण दोन्हींत 2 तासांचं अंतर हवं. दुधात कालवायचं नाही.
3. वासरू वेगळं बांधा, त्याचं सगळ्यात शेवटी करा. हात साबणानं धुवाच, यातले काही जंतू पोराबाळांनाही लागतात.

वासरू आडवं पडलं, तोंड गार लागलं, बोट चोखेना, तर बाटलीनं ओतू नका, पाणी फुफ्फुसात जातं. तेव्हा सलाईनच लागतं. डॉक्टरांना लगेच फोन करा.